एकशे अडतीस बाय अठ्ठ्याऐंशी

आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट आधी लिहून टाकतो. नाहीतर मी इकडचं तिकडचं सांगत बसेन, पानं भरतील आणि नेमकं तेवढंच राहून जाईल. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या रुग्णांच्या कार्डांवर जवळजवळ दहा महिने १३८/८८ हा आकडा लिहिला गेला. तो कुठल्याही मशीनने दाखवला नव्हता. तो मी सुचवला होता. लिहिला सिस्टरनी, खाली सही डॉक्टरांची, पण निघाला माझ्या डोक्यातून. बायकोलाही हे माहीत नाही. ती हा दिवाळी अंक दरवर्षी वाचते, तेव्हा आता कळेल.

संपादक माझे जुने स्नेही. म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं सरकारी गोळ्या वाटल्या तुम्ही. एकेक नमुने भेटले असतील. लिहा की गमतीजमती." गमतीजमती आहेत. पण लिहायला बसलो की दर वेळी तो आकडाच पुढे येतो, म्हणून आता त्याचंच सांगतो.

माझं पद औषध निर्माण अधिकारी. ऐकायला भारदस्त आहे, पण मी काही निर्माण करत नाही आणि गावात मला कोणी अधिकारीही म्हणत नाही. धुळे जिल्ह्यात नोकरीला लागलो तेव्हा लोक कंपाउंडर म्हणायचे, जळगाव जिल्ह्यात बदली झाली तरी कंपाउंडरच राहिलो. हायवे सोडून आत गेलं की आमचं केंद्र. माझं काम तीन गोष्टींचं. आलेली औषधं नीट ठेवायची, डॉक्टरांनी लिहिलेली द्यायची आणि संपत आलेली जिल्ह्याच्या भांडारातून मागवायची. मुदत आधी संपणारं औषध पुढे, नंतर संपणारं मागे, हे फडताळ मी अठ्ठावीस वर्षं माझ्या हाताने लावतोय. मुदत उलटलेली गोळी माझ्या खिडकीतून कधी गेली नाही. याचा मला अभिमान होता. होता असंच लिहितो.

खिडकीवर बसलं की माणसं कळतात. काहींना सरकारी गोळी हलकी वाटते, ती एकाऐवजी दोन मागतात. काहींना गोळी नकोच असते, सलाईन लावलं तरच दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. बसस्टँडजवळ चहाची टपरी असलेले एक आबा होते. ते रक्तदाब तीन ठिकाणी मोजून घ्यायचे. उपकेंद्रात, खासगी डॉक्टरकडे आणि मग आमच्याकडे. ज्यांचा आकडा सर्वांत कमी, ते डॉक्टर त्यांच्या मते हुशार. आमच्या ज्योती सिस्टर त्यांच्या दंडाला पट्टा बांधायच्या आणि आबा मान वाकडी करून मशीनकडे बघत भाव करायचे.

"ज्योतीताई, थोडा कमी लाव ना. मी काय नवा गिऱ्हाईक शे का?"

"आबा, हे काय वांग्याचं टोपलं आहे?"

"मंग खाजगीवाला कसा दहा कमी देस?"

आम्ही पोट धरून हसायचो. आबा निदान तोंडावर मागायचे. आम्ही पुढे न मागता कमी करून दिला.

कोरोनाची धावपळ ओसरल्यावर रक्तदाबाचा नवा कार्यक्रम आमच्याकडे आला. जिल्ह्याच्या गावी एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. परत येताना प्रत्येक केंद्राला एक रंगीत तक्ता मिळाला, तो आम्ही तपासणीच्या खोलीत लावला. डॉक्टरांच्या भाषेत त्याला उपचाराची मार्गदर्शक सूचना म्हणतात. बाहेरच्या वाचकांसाठी सोपं करून सांगतो. रक्तदाब एकशे चाळीस बाय नव्वदच्या वर असेल तर पहिली गोळी सुरू करा. महिन्याने परत मोजा. आकडा खाली आला तर तीच गोळी चालू ठेवा. नाही आला तर दुसऱ्या जातीची गोळी जोडा. पुन्हा महिन्याने मोजा. बस, एवढंच. कोण्या मोठ्या डॉक्टरच्या मर्जीवर काही नाही, गावातल्या सिस्टरलाही चालवता येईल असा सरळ जिना. शहाण्या माणसांनी विचार करून बनवलेला होता तो, हे मी आजही म्हणेन. तक्त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं.

पहिली गोळी भरपूर आली. दुसरी दोन वेळा आली आणि बंद झाली. वरूनच पुरवठा नव्हता, सगळ्या जिल्ह्यातच नव्हती. असं होतं, त्यात नवीन काही नाही. अडचण दुसरीच होती. प्रत्येक रुग्णाची नोंद मोबाइलमध्ये भरायची होती. आकडा एकशे चाळीसच्या वर भरला की मोबाइल विचारायचा, औषध वाढवले का? नाही म्हटलं की विचारायचा, का नाही? आणि खाली चार कारणं द्यायचा. रुग्णाने नकार दिला. रुग्णाला त्रास झाला. रुग्ण गोळी नियमित घेत नाही. रुग्णाला वरच्या दवाखान्यात पाठवले. यातलं एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडायचंच नाही. 'गोळी नाही' हे पाचवं कारण त्या यादीत नव्हतं. ज्याने यादी केली त्याच्या मनात तसं कधी आलंच नसणार.

बाहेरून आणायला चिठ्ठी द्यावी, तर तसं करायचं नाही असं परिपत्रक होतं. तेही चांगल्याच हेतूने काढलेलं. गरीब माणसाला खर्चात पाडू नये म्हणून. केंद्राच्या निधीतून थोडीफार खरेदी करता आली असती, पण त्याला गरज नोंदीतल्या आकड्यांत दाखवावी लागते, आणि ते आकडे पुढे आम्हीच खाली आणले.

आणि दर महिन्याला तालुक्याला आढावा बैठक. पडद्यावर सगळ्या केंद्रांची नावं, पुढे रंग. ज्यांचे बहुतेक रुग्ण एकशे चाळीसच्या खाली ते हिरवे, बाकीचे पिवळे, अगदीच वाईट ते लाल. पहिल्या दोन बैठकांना आम्ही लाल. आमचे डॉक्टर नुकतेच शिकून आलेले, वर्ष-दीड वर्षासाठी गावात आलेले सज्जन मनुष्य. त्यांना सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, "तुम्ही काम करता की नुसते बसता?" 

त्यानंतरच्या मंगळवारची गोष्ट. मंगळवार हा आमच्याकडे बीपीचा वार. ज्योती सिस्टर मोबाइल घेऊन माझ्या खिडकीशी आल्या.

"भाऊ, हे पान पुढे जाईना. एकशे चौसष्ट आलाय. बाहेर वीस जण बसलेत. काय कारण टाकू? नकार टाकू का?"

"नकार कशाला? त्या बाईने कुठे नकार दिलाय?"

"मग नियमित घेत नाही टाकू?"

"घेते की ती. खोटा आळ कशाला बाईवर?"

हे मीच बोललो होतो. खोटा आळ कशाला, असं. मग म्हणालो, "एकशे अडतीस लिहा. एकशे अडतीस बाय अठ्ठ्याऐंशी. पुढच्या महिन्यात गोळी आली की खरं लिहू."

सिस्टरनी विचारलं, "अडतीसच का?"

"एकशे चाळीस लिहिलं तर संशय येतो, एकशे वीस लिहिलं तर खोटं वाटतं. अडतीस कसं, मोजल्यासारखं दिसतं."

हे सुचल्याचं मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. हेही कबूल करायला हवं.

खरे आकडे हरवू नयेत म्हणून मी एक कागद केला. नाव आणि पेन्सिलने खरा आकडा. तो कागद माझ्या खणात. गोळी आली की त्या कागदावरून ज्यांना हवी त्यांना देता येईल, असा हिशेब. म्हणजे मी अगदीच वाईट माणूस नव्हतो, असं स्वतःला सांगायची सोय मी आधीच करून ठेवली होती.

तिसऱ्या बैठकीला आम्ही पिवळे, चौथ्या बैठकीला हिरवे. डॉक्टरांचा फोटो निघाला. एकदा त्यांनी मला विचारलंही, "भाऊ, आपल्याकडे सगळे इतके कंट्रोलमध्ये कसे?" मी म्हणालो, "सर, आपले लोक सांगितलेलं ऐकतात." ते खूश झाले. त्यांना मी फसवलं असं म्हणायला हरकत नाही.

त्या कागदावरचं एक नाव द्वारकाअक्कांचं. वय साठीच्या आतबाहेर, उंच, आवाज पार फाटकापर्यंत जाणारा. पंचक्रोशीत मांडे करणारी बाई म्हणून त्यांचं नाव. आमच्या खानदेशातले मांडे ज्यांनी बघितले नाहीत त्यांना सांगतो. पुरण भरलेला गोळा लाटण्याने लाटत नाहीत. तो हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर फेकत, कोपरापर्यंत खेळवत मोठा करत जातात आणि पालथ्या तापल्या खापरावर पसरतात. फाटला की गेला. अक्कांचा मांडा फाटत नसे. लग्नघरी, साखरपुड्याला, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला त्यांना बोलावणं असायचं, आणि चार बायका शिकायला म्हणून त्यांच्या बाजूला बसायच्या.

अक्कांचा मुलगा सुभाष जळगावला पाइपच्या कारखान्यात कामाला, सुट्टीला घरी येणारा. घरी अक्का आणि सून कविता. कविता धुळ्याकडची, दहावी झालेली, कमी बोलणारी. कधी अक्का स्वतः यायच्या, कधी गोळ्या न्यायला ती. अक्का आल्या की खिडकीवर करमणूक असायची.

"कंपाउंडर भाऊ, तू गोई एकच देस आनि बाता दहा सांगस."

"अक्का, मीठ कमी करा सांगितलं होतं, केलं का?"

"मीठ कमी करू तं भाजी कोन खाई? येशी का तू मन्हा घर जेवाले?"

रांगेतले सगळे हसायचे. मग अक्का खिडकीत वाकून जरा हळू विचारायच्या, "मन्हा आकडा कितला उना?"

"एकशे अडतीस."

"म्हंजे मी पास ना?"

"पास, अक्का."

त्या दिवशी माझ्या कागदावर त्यांच्या नावापुढे एकशे बहात्तर होतं. त्याच्या आधी एकशे सत्तर. त्याच्या आधी एकशे अडुसष्ट. पास झालेल्या अक्का गल्लीत जाऊन सांगायच्या की मन्हं बीपी कंट्रोलमा शे, आणि दुसऱ्या बायकांना आमच्याकडे पाठवायच्या.

दर तीन महिन्यांनी मी जिल्ह्याच्या भांडाराला मागणीपत्र पाठवतो. त्यात औषधाचं नाव, मागच्या तीन महिन्यांतला वापर, पुढची गरज. दुसऱ्या गोळीच्या रकान्यात वापर निरंक, कारण गोळीच नव्हती. गरज किती? ती मोबाइलच्या नोंदींवरून काढायची, म्हणजे किती रुग्ण एकशे चाळीसच्या वर आहेत त्यावरून. आमच्याकडे वर कोणी नव्हतंच. गरज, निरंक. मी ते तीन वेळा माझ्या हाताने लिहिलं. एकदाही पेन थांबलं नाही. सरकारी कागदावर निरंक लिहायची इतकी सवय असते की आपण काय लिहितोय तिकडे लक्षच राहत नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला केंद्रासमोर रिक्षा थांबली. सुभाष सणाला आला होता. त्याने आणि कविताने अक्कांना उतरवलं. अक्का एका घरी मांडे करायला बसल्या होत्या. तिसऱ्या मांड्याला उजवा हात खाली पडला आणि मांडा चुलीपाशी राखेत गेला. बाजूच्या बाया म्हणाल्या, अक्कांचा मांडा पडला? आधी त्यांना हसू आलं. मग तोंड वाकडं झालेलं दिसलं. उजव्या हाताला कोपरापर्यंत अजून पीठ होतं. सिस्टरनी पट्टा बांधला. दोनशे दहा. ते मशीनवर मी बघितलं. त्या दिवशी आकडा कोणी बदलला नाही. डॉक्टरांनी दहा मिनिटांत गाडी धुळ्याला रवाना केली, आम्हाला तेच जवळ.

दुसऱ्या दिवशी सण, केंद्रात शुकशुकाट. मी खण उघडला, पेन्सिलचा तो कागद काढला आणि फाडला. चार तुकडे केले, मग आठ. खरे आकडे कुठेतरी होते ते तेवढ्याच एका कागदावर. कोणी चौकशीला येईल ही भीती होती. कोणी आलं नाही. येणार कशाला? कार्ड तर चोख होतं.

दहा-बारा दिवसांनी सुभाष धुळ्याहून अक्कांना घेऊन परतला आणि मला भेटायला आला. खिडकीसमोर उभा. दाढी वाढलेली.

"भाऊ, तढे डॉक्टरनी कार्ड दखं. म्हने, आकडा तं बठ्ठा बराबर शे, मंग आसं जयं कसं? गोया बंद करी दिध्यात का तुम्ही? मी म्हनं, मी तं जळगावले ऱ्हास, मले काय माहीत?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, खरं सांग. हाई देत नव्हती ना गोया मन्ही मायले?"

हाई म्हणजे कविता. ती बाहेर बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. दार उघडं होतं.

माझ्याकडे तेव्हा एक वाक्य होतं. 'सुभाष, कार्डावरचा आकडा खोटा आहे.' मी ते बोललो नाही. मी म्हणालो, "गोळी वेळच्या वेळी पोटात गेली नाही तर होतं असं."

हे वाक्य खोटं नाही. कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण कोणाला, केव्हा आणि कशासाठी सांगितलं ते मला माहीत आहे. सुभाषने मान हलवली आणि बाहेर जाऊन बायकोकडे न बघता मोटारसायकल सुरू केली. ज्या खोट्या आळापासून मी एकदा एका बाईला वाचवायला निघालो होतो, तो मी दुसरीवर घातला.

धुळ्याच्या कागदावर अक्कांना दोन्ही गोळ्या लिहिलेल्या होत्या. म्हणून मी भांडारात फोन लावला. तिथले बाबू माझ्या ओळखीचे, बोलायला मोकळे.

"दुसरी गोळी कधी येईल हो?"

"येईल कशाला? आहे की. दिवाळीनंतर आली ती."

"दिवाळीनंतर? मग आम्हाला का नाही पाठवली?"

"भाऊ, मागितली कुठे तुम्ही? तीन-तीन मागणीपत्रांत निरंक. आणि तुमचं केंद्र हिरवं. तुमच्याकडे बीपी कोणाला आहे? शेजारच्या केंद्राने बोंब मारली, लाल आहेत बिचारे, त्यांना दिली."

मी फोन ठेवला.  माझी समजूत अशी होती की गोळी नाही म्हणून आम्ही आकडा बदलतो. सुरुवातीला ते खरंही होतं. पण पुढचे सहा महिने आम्ही आकडा बदलत होतो म्हणून गोळी येत नव्हती. लाल असण्याची लाज ज्यांनी सोसली त्यांच्या रुग्णांना गोळी मिळाली. भिंतीवरचा तक्ता सगळीकडे एकच होता. तो आणि अक्का यांच्या मधे भांडार होतं, परिपत्रक होतं, चार कारणांची यादी होती, रंगीत पडदा होता. यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं, हे मी किती तरी दिवस घोकलं. पण मधे मीही होतो, आणि मागणीपत्र माझ्या हातात होतं.

पुढच्या मंगळवारी मी सिस्टरना म्हणालो, "आजपासून मशीन दाखवेल तेच लिहायचं."

"आणि पान पुढे गेलं नाही तर?"

"वरच्या दवाखान्यात पाठवलं असं टाका आणि खरंच पाठवा. गोळी येईपर्यंत."

"लाल होऊ आपण."

"होऊ."

सिस्टरनी पट्टा गुंडाळला. मग म्हणाल्या, "भाऊ, अक्कांचं कार्ड मी लिहायची. रोज आठवतं मला." मी म्हणालो, "सांगायचा मी." त्यानंतर हे लिहायला घेईपर्यंत आम्ही दोघं या विषयावर बोललो नाही.

त्या महिन्यात आम्ही नुसते लाल नाही, तालुक्यात शेवटचे. डॉक्टरांना पुन्हा उभं केलं. या वेळी मीही मागे उभा राहिलो आणि म्हणालो, "आधी मोजण्यात चूक होत होती, आता नीट मोजतोय." मोजण्यात चूक. तिथेही पूर्ण खरं बोललो नाही. पण मागणीपत्र खरं गेलं आणि पाच आठवड्यांत दुसरी गोळी आली. खोकी उतरवून घेताना मला आनंद झाला नाही. हळूहळू आकडे खाली आले. आता आम्ही पिवळे आहोत. हा रंग मला बरा वाटतो.

मग कविता आली. मंगळवार नव्हता, गर्दी नव्हती. तिच्या हातात कापडी पिशवी. आमच्याकडे एक पद्धत आहे, मीच घातलेली. गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवा आणि नवी घ्या. म्हणजे माणूस खरोखर खातोय हे कळतं. दाखवून झाली की लोक ती बाहेरच्या टोपलीत टाकून जातात. कविताने टाकली नव्हती. पिशवी तिने माझ्या खिडकीवर उलटी केली.

"भाऊ, हे मोजा."

मी मोजली. महिन्याला तीन याप्रमाणे दहा महिन्यांची तीस पाकिटं. प्रत्येकाचे दहाच्या दहा खड्डे फुटलेले. काही पाकिटांवर तिने पेनाने तारखा घातल्या होत्या.

"पूर्ण आहेत," मी म्हणालो.

"मला माहीत आहे पूर्ण आहेत. तुम्ही मोजलीत, हे मला पाहिजे होतं." ती पुढे म्हणाली, "धुळ्याहून नणंद येऊन राहिल्यात. सासूबाईंच्या गोळ्या आता त्या देतात. मी पाण्याचा तांब्या नेला तरी हातातून घेतात. अक्का तोंडाने काही म्हणत नाहीत, पण बघतात. आणि हे तर घरी आले की बोलतच नाहीत."

मी पाकिटं सरळ करत राहिलो.

"भाऊ, कार्डावरचा आकडा बरोबर होता. गोळ्याही बरोबर होत्या. मग चुकलं कुठे?"

तिने हे मला जाब म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. दवाखान्यातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणालो.

"ते मला नका सांगू. घरी येऊन त्यांना सांगा. तुमचं ऐकतील ते. त्या दिवशी तुमचंच ऐकलं ना त्यांनी?"

म्हणजे बाकावरून तिने सगळं ऐकलं होतं.

"येतो," मी म्हणालो. "रविवारी येतो. सुभाष असेल तेव्हा."

तिने पाकिटं एकेक करून परत पिशवीत भरली.

त्या रविवारी मी गेलो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलो. अक्का ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर ठेवलेला. त्यांनी मला लांबूनच ओळखलं. जवळ गेलो. बोलणं जड झालंय, पण कळतं. म्हणाल्या, "डावा हातवरी मांडा व्हत नही रे भाऊ." मग विचारलं, चहा घेशी का? आत सुभाष होता, नणंद होती, भांड्यांचा आवाज येत होता तो कविताचा असणार. मी अक्कांचा रक्तदाब मोजला, मशीन बरोबर नेलं होतं. एकशे चौतीस आला, खरा. तो सांगितला, चहा घेतला आणि निघालो. कविता कप न्यायला आली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. मी चप्पल शोधत होतो.

का नाही बोललो? नोकरीची पाच वर्षं उरली आहेत. ज्योती सिस्टरची बारा. ते डॉक्टर आता शहरात पुढचं शिकायला गेलेत, त्यांची सही प्रत्येक कार्डावर आहे. ही सगळी कारणं खरी आहेत आणि मी ती मोबाइलमधल्या यादीसारखी वापरतो, एक निवडायचं की पुढचं पान उघडतं. नुसता माझाच प्रश्न असता तर बोललो असतो, असंही मी स्वतःला सांगतो. ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही.

हे छापून येईल तेव्हा खात्याने जे विचारायचं ते विचारावं. गावाचं नाव मी घातलेलं नाही, माणसांची नावं बदलली आहेत, पण माझं नाव वर आहे आणि विचारायला येणाऱ्याला मी नाही म्हणणार नाही. सिस्टरना हे लिहिण्याआधी विचारलं. त्या म्हणाल्या, लिहा. एवढंच.

पण हे लिहिलं म्हणजे फिटलं, असं मी समजत नाही. अक्कांच्या घरात दिवाळी अंक येत नाही. आला तरी घरात वाचणारी कविता एकटीच आहे, आणि तिला वाचून कळणं पुरेसं नाही, तिच्या घरच्यांना ऐकून कळायला हवं. कविताने दहा महिन्यांत एकही गोळी चुकवली नाही, कार्डावरचा आकडा खोटा होता आणि तो मी लिहायला लावला होता, ही तीन वाक्यं मला सुभाषसमोर, त्याच्या बहिणीसमोर आणि अक्कांसमोर, कविता तिथे उभी असताना म्हणायची आहेत. ती मी अजून म्हटलेली नाहीत.